कलम नऊ आणि बाहेरचा बाक

राष्ट्रीय कला निधीच्या विश्वस्त मंडळावर तराजूबाईंना घेतलं, ते काही त्यांना कलेतलं कळतं म्हणून नव्हे. त्यांच्या माहेरी-सासरी मागच्या सात पिढ्यांत कुणी गायलं नव्हतं, कुणी नाचलं नव्हतं, कुणी साधी भिंतीवर रेघ ओढली नव्हती, एवढ्याच पुण्याईवर ती जागा त्यांना मिळाली. सरकारने तशी खात्रीच करून घेतली होती. एक साहेब घरी येऊन विचारून गेले, "घरात कुणी बासरी वगैरे?" बाई म्हणाल्या, "आमच्याकडे शिट्टी वाजते ती फक्त कुकरची." साहेबांनी तिथल्या तिथे कागदावर खूण केली आणि चहा न पिताच उठले, इतके खूश झाले.

तराजूबाई हे नाव त्यांना बाजाराने दिलेलं. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. त्या बाजाराच्या या टोकाला शिरल्या, की त्या टोकाचा दुकानदार पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा काढून खिशात टाकायचा. निवृत्त झाल्या तरी खोड जाते थोडीच! पर्समध्ये पन्नास ग्रॅमचं पितळी वजन, घडीची फूटपट्टी, स्टॉपवॉच आणि कापसाची पुडी, एवढा ऐवज कायम असायचा. वाण्याकडची साखर घरी आणून पुन्हा मोजायच्या, आणि जास्त भरली तर परत नेऊन द्यायच्या. तो बिचारा वाणी त्यांना कमी द्यायला जेवढा घाबरायचा, त्याच्या दुप्पट जास्त द्यायला घाबरायचा.

आता अशा बाईची कलेच्या मंडळाला गरज का पडावी? तर कलम नऊमुळे. निधीच्या नियमावलीत हे कलम नऊ म्हणजे सगळ्या उपद्व्यापाचं मूळ. 'अर्जदाराशी ज्या विश्वस्ताचं नातं, मैत्री, वैर किंवा व्यवहार असेल, त्याने खोलीबाहेर जाऊन बसावं व घंटा वाजेपर्यंत आत येऊ नये.' ऐकायला बरं वाटतं. पण कलेचं जग म्हणजे एक भलंमोठं एकत्र कुटुंब हो! कुणी कुणाचा शिष्य, कुणी कुणाची आधीची बायको, आणि उरलेले सगळे एकमेकांशी अबोला धरलेले. आधीच्या मंडळात नाव निघालं रे निघालं, की विश्वस्त धडाधड बाहेर. आत राहायचे एकटे सचिव. आणि कलम नऊचं पोटकलम असं, की खोलीत निदान एक विश्वस्त बसलेला नसेल तर अर्ज बंद होतो, आणि ते मंडळ आहे तोवर पुन्हा घेता येत नाही. अशाने दोन वर्षांत एकाही कलाकाराला दमडी मिळाली नाही. शेवटी कुणाला तरी अक्कल सुचली, की एक जागा अशा माणसाला द्या ज्याचा कलेशी काडीचा संबंध नाही. म्हणजे तो तरी खुर्चीला चिकटून राहील.

आणि बाई चिकटल्या. सहा महिने झाले, एकदाही उठल्या नव्हत्या.

मंडळ पाचच जणांचं. अध्यक्षबाई एकेकाळच्या नामांकित नर्तकी. आता गुडघे गेलेले, पण मान अजून अशी काही वळवायच्या की सचिवांच्या हातून पेन पडायचं. दुसरे व्हायोलिनवाले, त्यांनी अर्ध्या देशाला शिकवलेलं. तिसरे शिल्पकार, उजव्या कानाने ठार बहिरे आणि डाव्याने जेमतेम. त्यांना अर्जदार कोण ते कळायचंच नाही, म्हणून सावधगिरीने ते दर वेळी बाहेर जायचे. चौथे कवी. कवींचं सगळ्यांशीच वैर होतं, आणि कलमात वैराला नात्याइतकाच मान असल्यामुळे त्यांचाही मुक्काम बाहेरच.

बाहेर म्हणजे कुठे? तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, बैठकीच्या खोलीच्या दाराला लागून, एक लांब लाकडी बाक होता. त्याच्यावर बिस्किटांचा डबा. सचिवांनी कसलातरी हिशेब करून बिस्किटं बाहेरच ठेवलेली, कारण माणसं जास्त वेळ तिथेच असायची. बाई आत एकट्या बसून अर्ज चाळायच्या, आणि बाहेरून हसण्याचा असा गडगडाट यायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मग थोडी कुजबुज. मग पुन्हा गडगडाट. बाईंचा जीव तीळ तीळ तुटायचा. आपण इथे फायलींची धूळ खातोय, आणि ते तिकडे बिस्किटं!

एकदा तर त्यांनी प्रयत्नही करून पाहिला. एका कठपुतळीवाल्याचा अर्ज निघाला तशा सचिवांना म्हणाल्या, "यांच्या गावी मी एकदा तपासणीला गेले होते. हा व्यवहार धरता येईल का?"

सचिवांनी नियमावली उघडली, बोट फिरवलं, मिटली. "नाही बाई. गाव अर्जदार नाही."

बाईंनी फाईल पुन्हा पुढे ओढली. काम मात्र चोख करायच्या, त्यात शंका नाही. गुण द्यायच्या ते सव्वासहा, पावणेआठ असे. पंचेचाळीस मिनिटांचा म्हणून आलेला नाच त्यांनी स्टॉपवॉच लावून पाहिला, तो एकेचाळीस मिनिटांत संपला. बाईंनी शेरा मारला, 'चार मिनिटं कमी. बाकी छान घामाघूम झाले.' आणि गंमत म्हणजे त्यांनी एकटीने पास केलेले अर्ज खरोखरच चांगले निघत होते. आपल्याला कलेतलं कळत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या एकच बघायच्या. माणूस जेवढं देतो म्हणतोय तेवढं देतोय की नाही. बहुतेक लोक तिथेच गडगडायचे.

आता घरी या. घरी बाईंचे यजमान. त्यांनी बस आगारात एकतीस वर्षं घोषणा करायचं काम केलं. 'कृपया लक्ष द्या' हा सबंध आगाराला ऐकू जाणारा भारदस्त आवाज त्यांचा. निवृत्तीनंतर त्यांना एकच दुःख होतं, आणि ते रोज संध्याकाळच्या चहाबरोबर बाहेर पडायचं.

"अगं, एकतीस वर्षं मी बोललो, आणि मी तोंड उघडलं की माणसं उठून चालायला लागायची. माझा धंदाच तो! मी 'गाडी लागली' म्हणायचा अवकाश, समोरची सगळी गर्दी पाठ फिरवून पळत सुटायची. एकदा तरी, एकच संध्याकाळ, लोकांनी बसून ऐकावं गं मला."

"मग बोला की, मी बसलेय," बाई म्हणायच्या, आणि डाळीतले खडे वेचायच्या.

"तुझं वेगळं," यजमान म्हणायचे आणि चहाचा कप उचलायचे.

हल्ली गेले वर्षभर ते संध्याकाळी दोन-दोन तास फिरायला जायचे. फिरून आल्यावर घसा बसलेला असायचा. फिरल्याने पाय दुखतात, घसा कसा बसतो, हा प्रश्न एवढ्या पोचलेल्या निरीक्षकबाईंना पडू नये? पण नाही पडला. घरच्या माणसाची तपासणी करायची सवय नसते ना कुणाला.

त्या मंगळवारी बैठकीत त्रेसष्टावा अर्ज निघाला. निधीची रीत अशी, की अर्जावरचं नाव पट्टी लावून झाकायचं आणि फक्त काम बघायचं. अर्थात कलावाले एकमेकांना वासावरून ओळखतात, त्या पट्टीचा उपयोग शून्य. पण रीत ती रीत. सचिवांनी वाचून दाखवलं, "एकपात्री कार्यक्रम. मागणी, एका संध्याकाळपुरता सभागृह, एक लाऊडस्पीकर आणि चाळीस खुर्च्या. उद्देश…" इथे सचिव अडखळले. "उद्देश, लोकांनी बसून ऐकावं."

आणि काय आश्चर्य, कुणीच उठेना! व्हायोलिनवाल्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. कवी म्हणाले, "कोण आहे हा? माझं याच्याशी भांडण कसं नाही?" शिल्पकार सवयीने अर्धे उठले होते, तेही कुणीच हलत नाही बघून गोंधळून परत बसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा पाचही विश्वस्त खोलीत होते. अध्यक्षबाईंनी तर खुर्ची पुढे ओढली. "लावा हो, नमुना लावा. आज मजा येणार."

बाईंनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं होतं. 'बसून ऐकावं.' हे शब्द त्यांनी कुठे ऐकले होते, हे सांगायला नकोच.

सचिवांनी ध्वनिमुद्रण सुरू केलं. शिल्पकार आज आत होते, म्हणून त्यांच्या कानासाठी आवाज शेवटच्या आकड्यावर ठेवला. आधी एक किनरा, नाकातला, कुणीतरी मुद्दाम काढलेला आवाज आला, "कृ-प-या लक्ष द्या…" बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या वाक्याला तो किनरा आवाज घसरला आणि खालून भारदस्त, गडगडीत, अस्सल आगारी आवाज वर आला.

"बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी आज सुटणार नाही. ती कालही सुटली नव्हती. हे आपल्या लक्षात आलं नाही, याबद्दल आगार आपलं आभारी आहे."

अध्यक्षबाई खुदकन हसल्या. तराजूबाई ताडकन उठल्या.

"कलम नऊ," त्या म्हणाल्या. "नातं. हे… आमचे हे आहेत."

सचिवांनी नोंदवहीत लिहिलं, 'तराजूबाई, नातं, नवरा', आणि दाराकडे हात केला. बाई पर्स छातीशी धरून बाहेर आल्या आणि ज्या बाकासाठी सहा महिने झुरत होत्या, त्याच बाकावर एकट्याच बसल्या. शेजारी बिस्किटांचा डबा. एकाही बिस्किटाला हात लावावासा वाटेना. आत त्यांच्या माणसाची परीक्षा चालली होती, आणि परीक्षक कोण, तर सगळे जाणते. हसले तर? चुकीच्या ठिकाणी हसले तर? चाळीस खुर्च्या, फक्त चाळीस खुर्च्या मागितल्या होत्या हो त्या माणसाने.

आतला आवाज दारातून स्वच्छ येत होता. "फलाट क्रमांक तीनवर एक डावी चप्पल सापडलेली आहे. उजवी चप्पल घातलेल्या गृहस्थांनी घाबरून जाऊ नये, ते फार लांब गेले नसणार."

आत हशा झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. हशा चांगला होता. वजनदार होता. हे जमतंय. हे नक्की मंजूर होतंय!

तेवढ्यात दार उघडलं आणि व्हायोलिनवाले बाहेर आले.

"तुम्ही का आलात?" बाई ओरडल्याच.

"मैत्री," व्हायोलिनवाले ओशाळून म्हणाले आणि बाकावर टेकले. "अर्जदार म्हणजे तुमचे यजमान. तुमच्या-माझ्या मैत्रीमुळे मला ते चांगलेच वाटणार. मग मी कसा बसू आत?"

"आपली कधी झाली मैत्री?"

"विमान कंपनीने माझ्या व्हायोलिनच्या पेटीचं वजन जास्त सांगितलं होतं. तुम्ही विमानतळावर जाऊन त्यांचा काटाच सील करवून आलात. तेव्हा झाली."

बाई काही बोलणार, तोवर शिल्पकार बाहेर. त्यांच्या मातीवाल्याची मापं खोटी आहेत, हे बाईंनी त्यांना चार कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. ते कागद त्यांनी जपून ठेवलेत म्हणे. "मैत्री!" ते सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले आणि डबा उघडला.

मग कवी आले. बाईंना हायसं वाटलं. "तुम्ही तरी मैत्री म्हणू नका."

"छे! वैर," कवी म्हणाले. "माझ्या कवितेत चौदा ओळी सांगून अकराच आहेत, असं भर बैठकीत मोजून दाखवलंत तुम्ही. माझी कविता शेवटपर्यंत वाचणारं दुसरं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. असं वैर मी नाही सोडणार. सरका."

आत आता फक्त अध्यक्षबाई उरल्या होत्या. त्या बाहेर आल्या की खोली रिकामी. खोली रिकामी की अर्ज बंद. आणि हे मंडळ अजून चार वर्षं बसणार होतं! यजमान आत्ताच सत्तरीला टेकले होते.

दार उघडलं. एक हात भिंतीला, एक हात चौकटीला लावून अध्यक्षबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मागे सचिव नोंदवही घेऊन. त्यांच्याही मागे तो आवाज धो धो चाललेला, कारण एकदा लावलेला नमुना पूर्ण वाजवल्याशिवाय थांबवायचा नाही, हेही कुठल्यातरी कलमात होतंच.

"तुम्ही मागे फिरा!" तराजूबाई हात जोडून म्हणाल्या. "पाया पडते. तुमचा-माझा काही संबंध नाही."

"दर बैठकीनंतर माझा हात धरून तीन जिने कोण उतरवतं?"

"ते आपलं, लिफ्ट बंद असते म्हणून. ती माणुसकी."

अध्यक्षबाईंनी मान वळवली. "सचिव, माणुसकीचं कलम आहे?"

सचिवांचं पेन पडलं. उचलून म्हणाले, "नाही. नातं, मैत्री, वैर, व्यवहार. चारच."

"मग ऐका," अध्यक्षबाई तराजूबाईंना म्हणाल्या. "मला तुमच्या यजमानांचं काम आवडलंय. मनापासून आवडलंय. मी आत गेले तर मंजूर करणार. पण माझं मन मला सांगतंय की तुम्ही माझ्या मैत्रीण आहात. आता माझं मन खोटं बोलत असेल तर तुम्ही सांगा. तुम्ही मोजमाप करणाऱ्या. आपली मैत्री आहे की नाही? नाही म्हणालात तर मी ही अशी आत गेले बघा."

एका शब्दाचं काम होतं. नाही. बस. एवढं म्हटलं की चाळीस खुर्च्या, लाऊडस्पीकर, सभागृह, सगळं पदरात. बाईंनी तोंड उघडलं. त्यांना ते तीन जिने आठवले. पहिल्या जिन्यावर अध्यक्षबाई गुडघ्यांना शिव्या द्यायच्या, दुसऱ्यावर आपल्या दोन्ही नवऱ्यांना, आणि तिसऱ्यावर दोघी कठड्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. ते जिने उतरताना बाईंनी एकदाही स्टॉपवॉच लावलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या पारड्यात ग्रॅमभर खोटं टाकलं नव्हतं, आणि आज स्वतःच्या नवऱ्याच्या पारड्यात टाकायची वेळ आली होती.

"आहे," बाई म्हणाल्या आणि घळाघळा रडायला लागल्या. "मैत्री आहे हो. मेली चांगली पक्की आहे."

सचिवांनी लिहिलं, 'अध्यक्षबाई, मैत्री.' मग घड्याळ बघितलं, घसा साफ केला आणि रिकाम्या खोलीला उद्देशून जाहीर केलं, "अर्ज क्रमांक त्रेसष्ट, निर्णयाविना बंद."

पाच माणसं त्या बाकावर दाटीवाटीने बसली. आतला आवाज आपला चालूच.

"आपण हे ऐकलेलं चालतं का?" व्हायोलिनवाल्यांनी हळूच विचारलं.

"कलमात 'बसावं' असं आहे," आतून सचिव म्हणाले. "'ऐकू नये' असं कुठेच नाही." आणि त्यांनी दार सताड उघडं ठेवलं.

"एक सूचना घरून आलेली आहे," यजमानांचा आवाज म्हणाला. "बाजारातून आणलेला अर्धा किलो कांदा चारशे ऐंशी ग्रॅम भरल्यामुळे रात्रीचं जेवण वीस मिनिटं उशिराने धावत आहे. दुकानदाराबद्दल आगाराला सहानुभूती आहे."

बाक गदगदा हलला. कवी तर पोट धरून वाकले. बाईंनी डोळे पुसत विचारलं, "तुम्ही रोज इथे बसून हसायचात ते तरी कशाला?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुमच्यावरच," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे व्हायोलिनवाले तुमची नक्कल फार छान करतात. पावणेआठ गुण देतानाची."

"दाखवा," बाई म्हणाल्या. व्हायोलिनवाल्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, एक बिस्किट तळहातावर तोललं आणि अशी काही मान डोलावली की बाईंना रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"श् श्!" शिल्पकारांनी सगळ्यांना गप्प केलं. बहिऱ्या माणसानेच!

"शेवटची सूचना," आवाज म्हणाला. आता तो जरा उतरला होता. "फलाट चारच्या बाकावर रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा एक बाई बसायच्या. मांडीवर तपासणीचे कागद, शेजारी तराजूची पेटी. त्यांना कुठेच जायचं नसायचं. माझी पाळी संपेपर्यंत थांबायच्या. मी बोललो की हजार माणसं उठून जायची. ही एक बाई शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐकायची. एकतीस वर्षांत मी जे काही नीट बोललो, ते त्या बाकासाठी बोललो. बाकीच्यांना मी नुसत्या गाड्या सांगत होतो. धन्यवाद."

खट् करून आवाज बंद झाला. व्हायोलिनवाले नाक ओढत होते. अध्यक्षबाईंनी तराजूबाईंचा हात धरला, तर तो गार पडलेला.

"काय झालं?"

"कापूस," बाई म्हणाल्या.

"कसला कापूस?"

बाईंनी पर्समधून पुडी काढून दाखवली. "आगारातल्या त्या गोंगाटाने डोकं उठायचं माझं. मी रोज दोन्ही कानांत कापूस घालून बसायचे. एक शब्द ऐकला नाही हो मी त्यांचा. एक शब्द नाही!"

यावर बाकावर काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगते, की खालच्या मजल्यावरच्या चपलांच्या दुकानातला माणूस वर बघायला आला, की कुणी रडतंय का हसतंय. त्यालाही ठरवता आलं नाही.

बाई घरी पोचल्या तेव्हा यजमान चहाचं आधण ठेवून, जगातला सगळ्यात निष्पाप माणूस असल्यासारखे वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण कालचं होतं.

"आज काही विशेष?" त्यांनी विचारलं.

"त्रेसष्ट नंबर."

"असेल. मला काय माहीत."

"आवाज तरी नीट बदलायचा होता."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बदलला होता की! पहिल्या वाक्यात बदललाच होता. मग जरा रंगात आलो." मग एकदम, लहान मुलासारखं, "काय झालं गं?"

बाईंनी सगळं सांगितलं. मोजून, क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. अर्ज बंद झाला. चार वर्षं पुन्हा नाही. आणि तो माझ्या एका शब्दाने झाला. यजमान टेबलावरचा रिकामा कप गोल गोल फिरवत राहिले.

"म्हणजे कुणी ऐकलं नाहीच."

"ऐकलं की. पाच जणांनी. सचिव धरून सहा."

कप थांबला. "बसून?"

"बसून. बाकावर. दाटीवाटीने."

"मध्ये कुणी उठलं?"

बाई अडखळल्या, पण काय करणार, स्वभावच तसा. "सुरुवातीला सगळेच उठले." यजमानांचा चेहरा पडला तशा घाईघाईने म्हणाल्या, "पण ते बाहेर येऊन बसायला उठले! मग शेवटच्या शब्दापर्यंत कुणी हललं नाही. ते शिल्पकार, त्यांना धड ऐकूही येत नाही, तेसुद्धा हलले नाहीत."

"सहा माणसं," यजमान म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की बाईंना बघवेना. "चाळीस मागितली होती. सहा आली. पहिल्या खेळाला सहा म्हणजे वाईट नाही हं. आणि ते… चार नंबरच्या बाकाचं? तेही वाजलं?"

"वाजलं."

"मग?"

गप्प बसता आलं असतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. बाईंनी पर्स उघडली आणि कापसाची पुडी टेबलावर, रिकाम्या कपाशेजारी ठेवली.

"अहो, मी कापूस घालून बसायचे."

यजमानांनी पुडीकडे बघितलं. मग बाईंकडे. मग पुन्हा पुडीकडे. "एकतीस वर्षं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं नव्हते घालत. एकोणतीस."

यजमान उठले. स्वयंपाकघरात गेले. आधणाखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाई पापणी न हलवता बसून होत्या. आणि मग आतून, सबंध आगाराला ऐकू जाईल अशा भारदस्त आवाजात आलं,

"कृपया लक्ष द्या. संध्याकाळचा चहा रद्द करण्यात आलेला आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल घर दिलगीर नाही. ज्या बाईंनी एकोणतीस वर्षं कानांत कापूस घातला, त्यांचं सामान फलाट चारवर पडून आहे, त्यांनी ते ओळख पटवून घेऊन जावं…"

बाईंनी स्टूल ओढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसल्या. आतून सूचना चालूच होत्या. पहिल्या दोन वर्षांच्या वेगळ्या, नंतरच्या एकोणतीस वर्षांच्या वेगळ्या. मध्येच आवाज थांबला आणि यजमानांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

"आहेस का गेलीस?"

"बसलेय," बाई म्हणाल्या. "बोला तुम्ही."

यजमानांनी डोकं आत घेतलं, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.